नवा राजा आला की जमिनी पुन्हा वाटतात

आई,

इतक्या वर्षांनीही मला तुझा राग येतो तो हवाईच्या राजांवरून. बाकीचे राग केव्हाच विरले. सहामाहीला माझ्या इतिहासाच्या पेपरात तू स्वतः मार्क कापलेस आणि वर शेरा लिहिलास, ‘उत्तर पाठ आहे, प्रश्न कळलेला नाही’, तो राग विरला. शाळेत मी तुला सगळ्या मुलींसारखं ‘बाई’च म्हणायचं आणि घरी चुकून तोंडातून ‘बाई’ निघालं की तू हसत सुटायचीस, तोही विरला. पण परवा इथे चँडलरला हळदीकुंकवाला एक काकू भेटल्या. त्या पूर्वी सनीव्हेलला, आमच्या जुन्या गावात असायच्या. सगळ्यांसमोर माझा हात धरून म्हणाल्या, “हिच्या आई हवाईच्या राजांबद्दल काय बोलायच्या हो. आमच्याकडे अजून विषय निघतो.” मी “हो ना” म्हटलं आणि तिळगूळ घेऊन बाजूला झाले. काय विषय निघतो ते मला पक्कं माहीत आहे. सख्ख्या बहीणभावांची लग्नं. तू ते एका पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, लहान मुलं आणि दोन नवे जावई यांच्यासमोर, भाताचा चमचा हातात धरून समजावून सांगितलं होतंस. याच काकूंनी तेव्हा स्वतःच्या मुलीला पाणी आणायला पाठवलं होतं.

घरी आले तरी ते डोक्यातून जाईना. म्हणून लिहायला बसले आहे. तुला सांगायचं राहिलंय असं नाही, मी तेव्हाही सांगतच होते. तू ऐकत नव्हतीस.

दोन हजार दोनच्या एप्रिलमध्ये तू सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, सनीव्हेलला आलीस. आमच्याकडचे दिवस चांगले नव्हते. एल कमिनो रस्त्यावरून जाताना इमारतीच्या इमारती रिकाम्या दिसायच्या, बाहेर ‘फॉर लीज’चे फलक. आमची कंपनी नुकतीच दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली होती आणि वर नवा व्हाइस प्रेसिडेंट आला होता. माझं ग्रीन कार्डाचं काम या नोकरीवर चालू होतं. नवऱ्याचा व्हिसा वेगळा, त्याच्या कंपनीचा, पण ती कंपनी इतकी लहान की ग्रीन कार्डाचं नावसुद्धा काढायची सोय नव्हती. म्हणजे आम्ही या देशात राहायचं की नाही, हे माझ्या खुर्चीवर ठरणार होतं. अशा वेळी जुलैतल्या हवाईच्या सहलीची तिकिटं, बऱ्या दिवसांत काढलेली, कॅन्सल करता येत नव्हती. मी तुला एवढंच सांगितलं, “समुद्र आहे, ज्वालामुखी आहे, छान वाटेल तुला.” तू विचारलंस, “तिथे राजा कोण होता?” मी म्हटलं, माहीत नाही. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी पुन्हा आठवीत गेले.

धडा वाचल्याशिवाय वर्गात जायचं नाही, हा तुझा आयुष्यभराचा नियम. दुसऱ्याच दिवशी तू चालत लायब्ररीत गेलीस. माझ्या कार्डावरची पुस्तकं पुरेनात तेव्हा जावयाचंही कार्ड घेतलंस. तो बिचारा तुला ‘आई’ म्हणायचा आणि तोंडावर काही बोलायचा नाही. मला मात्र पार्किंगमध्ये म्हणाला, “यार, त्यांना लायब्ररीचा रस्ता कुणी दाखवला?” पंधरवड्यात आमच्या फ्रिजवर कूपनांच्या कागदामागे काढलेले बेटांचे नकाशे लागले. बेटांवरच्या जमिनी डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत कशा लांबट पाचरीसारख्या कापलेल्या असत, म्हणजे प्रत्येक पाचरीतल्या लोकांना वरचं लाकूड, मधलं अळू आणि खालची मासळी मिळे, ते तू रंगीत पेन्सिलींनी दाखवलं होतंस. पेन्सिली तुझ्या नातीच्या.

मी ऑफिसातून यायचे. दिवसभर कुणाची खुर्ची रिकामी झाली ते बघून आलेली असायचे. आणि स्वयंपाकघरात तू रवा भाजत राजांच्या पिढ्या म्हणत असायचीस. अमक्यानं तमकीशी संसार केला, त्यांना अमका झाला. त्या अमक्यानं तमकीशी संसार केला, त्यांना तमका झाला. वास खरपूस आणि नावं सगळी स्वरांची, कानाला धड पकडता न येणारी. एकदा मी म्हटलं, “आई, जरा गप्प बस ना.” तू उलथनं थांबवलंस आणि म्हणालीस, “ऐक. प्रत्येक ओळीत बाई आहे. एकही ओळ बाईशिवाय नाही. राजा किती मोठा ते बापावरून ठरायचं तेवढंच आईवरूनही ठरायचं. आई खालच्या घराण्यातली असली की मुलगा स्वतःच्या सावत्र भावापुढे खाली बसायचा.” मी म्हटलं, “हे चांगलं आहे का वाईट?” तू म्हणालीस, “ते नंतर. आधी लिहून ठेवलेलं तर आहे. आपल्या घराण्याची वंशावळ तुझ्या काकांनी फ्रेम करून लावलीये, त्यात मी कुठे आहे?” आणि पुन्हा रवा भाजायला लागलीस, कारण तो करपत होता.

हे एकदाच बोलली असतीस तर मी आज डोळ्यांत पाणी आणून आठवलं असतं. पण तू ते सगळ्यांना सांगायचीस. शेजारच्या तेलुगू आजींना सांगितलंस, त्यांना मराठी येत नव्हतं. केळी सोलताना सांगायचीस की हवाईत बाईनं केळं खाल्लं तर मरणाची शिक्षा होती, आणि मग ते केळं फार चवीनं खायचीस. सगळ्यांत उंच कुळातला राजा समोर आला की रयतेनं जमिनीवर पालथं पडायचं, म्हणून काही भले राजे दिवसा बाहेरच पडत नसत, लोकांची कामं खोळंबतात म्हणून. हे तू आमच्या प्लंबरला इंग्रजीत सांगितलंस. माझ्या ग्रीन कार्डाचे कागद टेबलावर पसरलेले असताना म्हणालीस, “त्यांच्याकडेही असंच होतं. राजाचा नातेवाईक म्हणवून घ्यायचं तर दारात बसलेल्या जाणकारांना पिढ्या म्हणून दाखवायच्या. चुकला की बाहेर.” मी म्हटलं, “आई, प्लीज.” अळूची गोष्ट तर तुझ्या नातीनं वर्गात नेली. आकाशपित्याचा पहिला मुलगा मेलेला जन्मला, त्याला घराशेजारी पुरलं, तिथे अळू उगवलं. मग दुसरा मुलगा झाला तो माणूस, सगळ्या राजांचा मूळपुरुष. म्हणून अळू हा माणसाचा थोरला भाऊ. त्या आठवड्यात तू अळूवडी केलीस आणि पोरीनं ताट बाजूला सरकवून विचारलं, “आजी, आर वी ईटिंग समबडीज ब्रदर?” तू म्हणालीस, “हो. म्हणून टाकायचं नाही.” तिनं खाल्लं. मला ते तिच्याकडून कधी जमलं नसतं, हे कबूल.

मग ते जेवण.

नव्या व्हाइस प्रेसिडेंटबरोबर माझा मॅनेजरही नवा आला होता. न्यू जर्सीत जन्मलेला, आडनावानं आपला, मराठी मोडकंतोडकं, ‘पाणी दे’ आणि ‘झोप आता’च्या जरासंच पुढचं. मी त्याला घरी बोलावलं. हेतू उघड होता, तुलाही सांगितला होता. त्यानं मला माणूस म्हणून ओळखावं, माझी मुलगी बघावी, म्हणजे नावं कापायची वेळ आली तर हात जरा अडखळेल. तू म्हणालीस, “बरं.” मी म्हटलं, “हवाई नको.” तू म्हणालीस, “तो विचारेल तेवढंच.” मसालेभात, मठ्ठा, अळूवडी, बासुंदी, सगळं तू केलंस, उत्तम केलंस. तो आला, बूट काढले, तुला वाकून नमस्कार केला. मला वाटलं, झालं, जिंकलं.

त्यानं अळूवडी उचलली आणि म्हणाला, “काकू, इट्स सो गुड. हे पान कसलं आहे?”

त्यानं विचारलं होतं. मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

अळू झालं. मग तू विचारलंस, “तुमचं मूळ गाव कुठलं?” तो म्हणाला, “नागपूर साइड, आय थिंक.” “आणि पणजोबा काय करायचे?” त्याला पणजोबांचं नावही माहीत नव्हतं. तू सहज म्हणालीस, “हवाईत रयतेला आजोबांच्या वर पिढ्या सांगायची मुभा नव्हती. लांबलचक वंशावळ ती राजांनीच सांगायची.” तो हसला, पण कशाला हसतोय ते त्याला नीट कळलं नसावं. माझा नवरा मध्ये पडला आणि क्रिकेटवर आला. मी पोळ्या आणायला आत गेले. आतून मला ऐकू येत होतं, तो नवऱ्याला विचारत होता, “सो, तुमचा एच-वन व्हिसा वेगळा आहे ना? तिच्यावर डिपेंडंट नाही?” नवरा म्हणाला, वेगळा आहे. तो म्हणाला, “गुड. दॅट्स गुड.” मी पोळी तव्यावर टाकली. मला वाटलं, चौकशी करतोय, बरं आहे.

बाहेर आले तर तुझा आवाज बदललेला. वर्गातला आवाज. तू ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आली होतीस. माझ्या मॅनेजरला.

“दक्षिणेला एक कोरडा प्रांत होता,” तू सांगत होतीस. “तिथल्या लोकांची ख्याती अशी की ते वाईट राजा ठेवत नाहीत. एका राजाला डोंगरावर देऊळ बांधायचं होतं. त्यासाठी भलामोठा ओंडका चढावरून ओढून न्यायला लावला. शेतं पडून राहिली, माणसं थकली. मग ती राजाला म्हणाली, महाराज, ओंडका हलत नाही. आम्ही वरून ओढतो, तुम्ही खालून जरा हात लावा. तुमच्या अंगात देवाचं बळ आहे. राजा खूश झाला. ओंडक्याच्या खालच्या बाजूला जाऊन उभा राहिला. आणि वरच्यांनी दोर सोडून दिले.”

माझ्या मुलीनं ते त्याला इंग्रजीत सांगितलं, चुकायला नको म्हणून. शेवटी “स्क्विश” असा आवाजही काढला.

“कळलं का बाळ तुला?” तू विचारलंस.

तो म्हणाला, “हो काकू.” बासुंदीची वाटी त्यानं अर्धी ठेवली. थोड्याच वेळात निघाला. मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेले आणि वाटेत तीनतीनदा सांगितलं की आई इतिहासाच्या शिक्षिका होत्या, त्यांना असं बोलायची सवय आहे. परत आले तर तू भांडी घासत होतीस. मी म्हटलं, “हे काय होतं?” तू म्हणालीस, “गोष्ट.”

पुढच्या आठवड्यात माझी नोकरी गेली. एक बंद खोली, एचआरची एक बाई, टेबलावर टिश्यूचा खोका आणि समोर तो, माझ्या मागच्या भिंतीकडे बघणारा. मी दुपारीच घरी आले. तू दार उघडलंस, माझ्या हातातलं सामानाचं खोकं बघितलंस आणि काय बोललीस ते मी आजही कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. “नवा राजा आला की जमिनी पुन्हा वाटतात. तिकडे तर नियमच होता. जुन्या राजाचे सगळे कारभारी जायचे. त्यात तुझं काही चुकलेलं नाही.”

आई, मला त्या वेळी जवळ घ्यायचं असतं. एवढं साधं. हवाईची महसूल-व्यवस्था नंतर सांगता आली असती.

मी काही दिवस तुझ्याशी कामापुरतंच बोलले. व्हिसा बदलून मी नवऱ्यावर अवलंबून झाले, म्हणजे नवी नोकरी मिळेपर्यंत कामाला हात लावायचा नाही. दिवसभर आपण दोघी त्या दोन खोल्यांत. तू मधूनच यायचीस आणि सांगायचीस की तिथली रयत जमिनीला बांधलेली नव्हती, राजा वाईट निघाला तर लोक खोरं सोडून दुसऱ्या खोऱ्यात जायचे. मी एकदा म्हटलं, “त्यांच्या पायात व्हिसाची दोरी नव्हती, आई.” तू विचार करून म्हणालीस, “खरं आहे.” आणि तेही कुठेतरी लिहून ठेवलंस.

जुलैत आम्ही गेलोच. मोठ्या बेटावर, कोना भागात. व्हॅनमधला गाइड म्हणाला की सगळी जमीन राजाची आणि लोक गुलाम, तेव्हा तू मागच्या सीटवरून हात वर केलास. हात वर केलास आई, या वयात. “एक्स्क्यूज मी, दॅट इज नॉट करेक्ट.” नवऱ्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. मी खिडकीबाहेर काळा लाव्हा बघत बसले, मैलोन् मैल, जळलेल्या भाकरीसारखा.

समुद्रकाठच्या त्या जुन्या अभयस्थानाला तूच आम्हाला नेलंस. माणसाच्या दुप्पट उंचीची, चुना न लावता रचलेली दगडी भिंत, माडाची झाडं, लाकडात कोरलेल्या दात विचकणाऱ्या मूर्ती. कुणी राजाच्या सावलीवर पाय दिला, कुणी लढाईत हरला, कुणी नको ते खाल्लं, की तो जीव घेऊन पळायचा, खाडी पोहून यायचा. आणि या भिंतीच्या आत पाय पडला की त्याला कुणी हात लावायचा नाही. पुजारी विधी करायचा आणि माणूस सुटायचा. नवरा आणि लेक कासवं बघायला पाण्याकडे गेले. तू चपला काढून भिंतीच्या सावलीत बसलीस. मी उभीच होते. माझं साठलेलं सगळं तिथे बाहेर आलं. मी म्हटलं, “तू ती ओंडक्याची गोष्ट सांगितली नसतीस तर माझी नोकरी राहिली असती.”

तू म्हणालीस, “नसती. तो यायच्या आधीच ठरलं होतं.”

“तुला काय माहीत?”

“त्यानं तुझ्या लेकीकडे एकदाही नीट बघितलं नाही. आणि जावईबापूंचा व्हिसा विचारला. तुझी सोय दुसरीकडे लागतेय का ते बघत होता, म्हणजे मनाला टोचणी कमी. मी चाळीस वर्षं मुलींना नापास केलंय. निकाल आधी लागलेला असतो आणि मग आई भेटायला येते, तेव्हा बाईंचा चेहरा कसा होतो ते मला कुणी शिकवायला नको.”

“म्हणून तू त्याला ती गोष्ट सांगितलीस.”

“मग? आमच्या घरचं जेवतोय आणि तोंडातून शब्द नाही. त्याला कळायला हवं होतं की आम्हाला कळलंय.”

“मग मला का नाही सांगितलंस त्या दिवशी?”

“तू त्याला बासुंदी वाढली नसतीस. तिकडच्या एका थोर कुळातल्या राजानं दोन म्हाताऱ्या पुजाऱ्यांना उपाशी परत पाठवलं. ते गेले त्याच्या सावत्र भावाकडे, हलक्या आईच्या मुलाकडे. त्यानं जेवू घातलं. राज्य त्याचं झालं. आलेल्याला वाढायचं असतं.”

मी म्हटलं, “आई, मला एक आठवडा मिळाला असता. मी नोकरीत असताना दुसरीकडे अर्ज केले असते. नोकरीत असलेल्या माणसाला नोकरी मिळते, घरी बसलेल्याला मिळत नाही. माझा व्हिसा तुटला नसता. माझी कागदपत्रं परत पहिल्यापासून सुरू होणार आता. तुला हे माहीत नव्हतं?”

तू बराच वेळ चपलेचा पट्टा बोटांनी फिरवत राहिलीस. मग म्हणालीस, “नाही. हे माझ्या लक्षात आलं नाही.” आवाज वर्गातला नव्हता. माझा राग तिथे संपला असता, पण तेवढ्यावर थांबशील तर तू कसली. वर बघून म्हणालीस, “पण मी भिंतीच्या आत बसलेय. आत आलेल्याला माफ करावं लागतं. नियम आहे.”

मी पाण्याकडे निघून गेले. कासवं बघितली. ती दगडासारखी पडून होती आणि कशालाही उत्तर देत नव्हती. मला फार बरी वाटली.

ऑगस्टमध्ये त्या मॅनेजरचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला की चँडलरला एका चिप कंपनीत त्याचा मित्र माणसं घेतोय, त्यानं माझं नाव दिलंय. मग थांबला आणि म्हणाला, “नावांची लिस्ट आधीच गेली होती. डिनरच्या आधी. आय शुड हॅव कॅन्सल्ड.” पुढे त्यानं विचारलं, “काकू कशा आहेत?” मी म्हटलं, ठीक. फोन ठेवला आणि वळले तर तू दारात. “बघ,” तू म्हणालीस. फक्त एवढंच. त्या एका शब्दात तू सगळं श्रेय घेतलंस. ती नोकरी मला मिळाली, कदाचित तुझ्या ओंडक्यामुळे, कदाचित तो मुळातच वाईट माणूस नव्हता म्हणून. मला ते कधी कळणार नाही आणि तू मात्र अगदी खात्रीनं गेलीस. मी लेकीला घेऊन चँडलरला आले, नवरा वर्षभर सनीव्हेलहून शनिवार-रविवार येत राहिला, आणि तू ऑक्टोबरात कराडला परत गेलीस. तिथे शाळेच्या हॉलमध्ये हवाईच्या राजांवर बोललीस म्हणे. मुलींना प्रत्येकीच्या आईच्या आईचं नाव विचारलंस आणि सांगता न येणाऱ्यांना उभं केलंस. अर्धा वर्ग उभा होता, असं दादा फोनवर सांगत होता. तोही वैतागलेला होता, कारण दोन पालक घरी येऊन गेले होते.

त्याच्या पुढच्या वर्षी डिसेंबरात सकाळच्या चहानंतर तू खुर्चीतच गेलीस. नव्या व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर नव्हता, सगळे म्हणाले अमेरिकेबाहेर पडू नकोस, अडकशील. मी आले आणि अडकलेही, कराडमध्ये बसून होते शिक्क्याची वाट बघत. पण त्याआधी बारावा दिवस. दादा पिंड करत होता, गुरुजी नावं विचारत होते. आईचं नाव. मग तिच्या सासूबाईंचं. मग त्यांच्या सासूबाईंचं. तुला त्यांच्यात मिसळायचं होतं. मी मागे बसले होते. मी म्हटलं, “तिच्या आईचं नाव?” गुरुजी म्हणाले, “ते यात नसतं ताई. मातामहींचं वेगळं असतं.” काकांनी मागे वळून बघितलं. दादा म्हणाला, “राहू दे ना, होऊन जाऊ दे.” आणि मला, आई, इतका संताप आला, गुरुजींचा नाही, दादाचा नाही, तुझा. कारण तू माझ्या कानात ते घालून ठेवलं नसतंस तर मी इतर मुलींसारखी शांतपणे रडत बसले असते. मी उठून उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं. तुझ्या आजोबांनी तुझ्या आजीशी संसार केला, त्यांना तुझी आई झाली. तुझ्या आईनं तुझ्या वडिलांशी संसार केला, त्यांना तू झालीस. तू बाबांशी संसार केलास, तुम्हाला दादा झाला आणि मी झाले. सगळी नावं घेतली, तुझं माहेरचंही, जे लग्नात बदललं. गुरुजी थांबले होते. मग म्हणाले, “झालं? बसा आता.” आणि पुढे सुरू झाले. आपल्या काकू नंतर कुजबुजल्या की अमेरिकेत राहून हिचं डोकं फिरलंय. मी त्यांना कसं सांगणार की अमेरिका नाही, तूच.

आता लेक सातवीत आहे आणि केळी अजिबात खात नाही, पण ते तुझ्यामुळे नाही. ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही. गेल्या वर्षी इथेही वरचा माणूस बदलला, वाटणी झाली, आणि या खेपेला माझ्या वाट्याला जमीन आली. माझ्या हाताखाली आता बरीच माणसं आहेत, त्यात आपली मुलंही आहेत, पुण्याची, नागपूरची. कुणाला कुठलं काम द्यायचं ते मी ठरवते. हे मी नवऱ्याला एका वाक्यात सांगितलं आणि दादाला सांगितलंच नाही. सगळे विचारतात, जबाबदारी वाढली का, ताण येतो का. मी म्हणते, हो ना, फार.

पण सकाळी मी मीटिंगच्या खोलीत शिरते तेव्हा बोलणं थांबतं. कुणीतरी खुर्ची सरकवून वाट करून देतो. आणि आई, मला ते आवडतं. हे मी तुला फोनवर सांगितलं नसतं, आणि हा कागदही कुठे पाठवायचा नाही म्हणूनच लिहिलं.